घोडी मात्र हाडाचीच

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं शेड.
पाण्याच्या टाक्या, बसचे बंपर,
एकदा बालवाडीसाठी बसायची पाच बदकं.
काचेच्या चटईवर रेझिन ओतत, रोलर फिरवत
अकरा वर्षं गेली.

कुसळं काही अंग सोडत नाहीत.
आधी गार पाणी घ्यायचं, मग गरम.
उलटं झालं की काच कातडीत मुरते
आणि रात्री बायको विचारते,
गादीत उंदीर शिरलाय का?

मार्चमध्ये बाबालाल आले मिरजेहून,
लुनाच्या पायाशी पोत्यात भोपळा.
तंबोऱ्याचा. अब्बांनी निवडलेला.
"असा आता मिळत नाही. वेल कुजतात,
येतात ते पापडासारख्या सालीचे.
ह्यालाही तडा गेला. बाई विमानानं हिंडती,
दर खेपेला काहीतरी फुटून येतं.
तुमच्याकडं विमानाचं कापड आहे म्हणे?"

विमानाचं कुठलं! पुण्याच्या एका
रेसिंगवाल्याच्या कामातनं उरलेलं
चार मीटर कार्बन होतं, कपाटात, कुलपात.
उलगडलं, तर चिमटीत धरून म्हणाले,
"घोंगडीच की ही. जतची."

भोपळ्याला मेणाचे सात हात दिले.
एका अंगाला तो जरा बसका होता.
मी म्हटलं, पुट्टी भरून गोल करतो.
"नको. वेलीवर असताना तिथं तो
जमिनीला टेकून झोपायचा. राहू दे."
साचा उघडताना खरा भोपळा तड्यावर दुभंगला.
त्यांनी तुकडे पोत्यात भरले,
मेणाचा चुरासुद्धा झटकून घेतला.

मग हार्डनर, काट्यावर तोलून.
तो पडला की पुढचा अर्धा तास आपला नसतो.
मग हातातलं तापत जातं,
फोन वाजला तरी वाजू द्यायचा.
कापड साच्यात दाबत, कोपऱ्यात बोटानं ढकलत,
बुडबुडा हुडकत हुडकत काढायचा.
वरनं पिशवी, पंप सुरू,
आणि प्लास्टिक चोपून खाली बसलं,
भाकरी फुगते त्याच्या बरोब्बर उलटं.
बाबालाल दारात सुपारी कातरत होते.
आत या म्हटलं, तर म्हणाले, वास सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी काळा भोपळा हातात.
बसक्या जागेसकट.
आम्ही रुपयाच्या नाण्यानं ठोकून बघतो,
आत पोकळी राहिली तर टक् चं थप् होतं.
थप् कुठंच नव्हतं. मी खूश.
त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवलं,
कान लावला, पुन्हा वाजवलं.
"बोलतोय. पण फार लवकर बोलतोय.
विचार न करता."

दुसरा केला, एक थर कमी. तो किरकिरला.
तिसऱ्याला दोन थरांच्या मधे
त्यांच्याच जुन्या धोतराचं सुती कापड घातलं.
हे कुठल्याच पुस्तकात नाही, मालकालाही सांगितलं नाही.
तिसऱ्याला ते काहीच बोलले नाहीत.
पोतं अंथरलं फक्त.

तारा चढवायच्या दिवशी मिरजेला गेलो.
दांडी तुणाची, भोपळा माझा,
घोडी मात्र हाडाचीच.
म्हटलं, हीपण कार्बनची करून देतो,
जन्मात झिजायची नाही.
कानशीवरनं नजर न काढता म्हणाले,
"मग बाई परत येईल कशाला?"

दुपारभर जवारी चालली होती.
तारेखाली सूत सरकवायचं, केसभर,
ऐकायचं, काढायचं, घासायचं, पुन्हा सूत.
चहा आला, निवला, साय धरली त्याच्यावर.
मग एकदा तार छेडली
आणि ती बराच वेळ थांबलीच नाही.

मला सुरातलं काही कळत नाही.
कोपराला खाजत होतं,
मी खाजवलं नाही.