काठावरचा तुकडा

ज्यानकुओ रस्त्यावर, ल्याओच्या दुकानात,
काचेखाली दोन प्रोसेसर शेजारी शेजारी.
एक दुसऱ्यापेक्षा तीन हजार डॉलरनी महाग,
आमचे डॉलर, तैवानचे, पण तरी तीन हजार.
माझं बोट महागड्यावर.
आई, नान्त्झच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेली,
केसाहून बारीक सोन्याच्या तारा
सूक्ष्मदर्शकाखाली जोडणारी आई
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"हे दोघं सख्खे भाऊ."

ल्याओला वाटलं, बाई भाव पाडतेय.
पाडत होतीच म्हणा.

काही न घेता निघालो.
स्कूटरवर, दर सिग्नलला थांबत,
ती मागून माझ्या हेल्मेटशी बोलत राहिली:
सिलिकॉनची चकती म्हणजे
तव्यावरचं कांद्याच्या पातीचं धिरडं.
मध्ये नीट होतं, कडेचा भरवसा नाही.
मग तुकडे पाडायचे,
एकेकाला पळवून बघायचं.
पळाला, त्याला मोठं नाव.
दमला, त्याला लहान.
"आणि मोठ्या नावाला गिऱ्हाईक नसेल
त्या आठवड्यात
न दमलेल्यालाही लहानच."

शनिवारी परत गेलो. स्वस्तातला घेतला.

मेमरीपाशी मी पुन्हा घसरलो.
लाल पत्र्याच्या पट्ट्या, वर कोंबड्यासारखा तुरा,
खोक्यावर वीज पडतानाचं चित्र.
"पत्र्याच्या आत काय आहे?" आईनं विचारलं.
मला सांगता येईना. ल्याओलाही.
त्यानं मुकाट्यानं खालच्या खणातून
दोन उघड्या हिरव्या पट्ट्या काढल्या.
आईनं त्या उजेडाकडे धरल्या,
चिपांवरचे बारीक आकडे ओठांनी वाचले,
तांदूळ निवडल्यासारखे,
आणि एक परत देऊन तिसरी मागितली.
जोडी एकाच दिवशी जन्मलेली हवी म्हणे.

ऑगस्टची रात्र. खोलीत तेहतीस अंश.
वाचलेल्या पैशांचा हीटसिंक, विटेएवढा.
डब्याचं एक दार काढून ठेवलेलं,
समोर आमचा उभा पंखा, मान मोडलेला,
दोरीनं खुर्चीला बांधलेला.
मी शंभर मेगाहर्ट्झ चढवायचो,
मशीन पडायचं.
चिमूटभर व्होल्टेज, पुन्हा चालू.
एकाहत्तर अंश. पंच्याहत्तर.
अठ्ठ्याहत्तरला मला घाम,
आई झोपाळू डोळ्यांनी शेंगदाणे सोलतेय.

मेमरीची चाचणी लावली. पाऊणे चारला
काळ्या पडद्यावर एक लाल ओळ.

"एकच चूक," मी म्हणालो, "कोट्यवधींत एक."
"आमच्याकडे एकीला अख्खा ट्रे परत जायचा."
"इथे ट्रे नाहीये, आई."
"नाहीये," ती म्हणाली, आणि मग, टरफलं गोळा करताना,
कुणी विचारलेलं नसताना:
चौतिसाव्या वर्षी डोळ्यांची तपासणी झाली होती.
भिंतीवर अक्षरं. तिनं शेवटची ओळसुद्धा वाचली.
सोमवारी निळी टोपी काढून घेतली, पिवळी दिली,
खाली खोकी बांधायला, पगार कमी.
"डोळे?"
"चांगले होते की.
त्या महिन्यात खाली माणसं कमी होती."

मी पडद्याकडे बघत राहिलो.
लाल ओळ तशीच. पंखा कुरकुरतोय.
मग मेमरी एक पायरी खाली आणली,
प्रोसेसर होता तिथेच ठेवला,
आणि चाचणी पहिल्यापासून लावली.

उजाडलं. खाली सोयादुधाच्या गाडीचं शटर वाजलं.
पडदा निळा, स्वच्छ, सात फेऱ्या, एकही चूक नाही.
"किती पळतोय?"
मी आकडा सांगितला.
"त्या महागड्याइतका?"
"थोडा जास्त." मग, ती बघत होती म्हणून,
"मेमरी थोडी कमी."

"हं," ती म्हणाली,
डब्याच्या मागे हात धरून वाफ बघितली,
आणि दोन दिवस न वाळलेले माझे मोजे आणून
तिथे, गरम हवेच्या तोंडाशी,
एकेक करून टांगले.