रुमालाखालचा भाव

एकतीस वर्षं तुर्भ्याच्या फळबाजारात
आंबा न कापता सांगत आलो
आत काय आहे.
देठाशी अंगठा, जरासा दाब:
हा उद्याचा, हा परवाचा,
हा आतून गेलेला.

आमचे जुने व्यापारी रुमालाखाली सौदा करायचे,
बोटात बोट धरून.
भाव बोटांना कळायचा,
बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसायचं.

आता त्याच बोटांत रोज सकाळी सुई.
थेंब येईपर्यंत पिळायचं, पट्टीला टेकवायचं,
मग पाच सेकंद ते इवलंसं मशीन
मला चाचपतं, देठाशी.
दोनशे बारा.
आतून गेलेला.

काल रात्री तर नाचणीची भाकरी होती,
दोडक्याची भाजी, बस्स.
मशीनवर ओरडता येत नाही
म्हणून शैलावर ओरडलो,
भाकरी जाड झाली म्हणून.

मग वहीत खोटं लिहू लागलो.
एकशे दहा. एकशे चौदा.
मध्येच एखादा एकशे सव्वीस, खरं वाटावं म्हणून.
हिशेबातली लबाडी मला कुणी शिकवायला नको.
मे महिन्यात पेंढ्यातून वास सुटायचा,
मी तोंडाने श्वास घ्यायचो.
एका दुपारी इक्बालभाईंच्या गाळ्यामागे
उभ्या उभ्या दोन हापूस, सालीसकट,
आणि नळावर कोपरापर्यंत हात धुतले.

जूनमध्ये वही उघडली तर
माझ्या प्रत्येक आकड्याशेजारी
पेन्सिलीने दुसरा आकडा, तिच्या अक्षरात.
मशीन सगळं लक्षात ठेवतं,
हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.
कुठल्याच आकड्याखाली रेघ मारलेली नव्हती.
त्या रात्री ती काही बोलली नाही, मीही नाही.
कोपरखैरण्याच्या आमच्या खिडकीसमोर
कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं,
एकेक चिमटा.

सकाळी सुई टोचली तेव्हा
चहा गाळता गाळता ती म्हणाली,
"काय निघाला आज भाव?"
आधी राग आला. मग हसू फुटलं,
आणि हसता हसता चष्मा काढावा लागला.
"एकशे एकोणनव्वद."
"चढाच आहे," ती म्हणाली. "उतरेल.
आवक बघू या काय काय होती ती."

तेव्हापासून खरं लिहितो,
शेजारी दोन शब्द:
१६१, मेव्हणीच्या मुलीचं लग्न, एकच जिलबी.
१९८, खाल्लं काहीच नाही, रोहनचा फोन आला नाही.
१४३, खाडीकडेने चालून आलो, गुडघा बोलतोय.
२०४, का ते माहीत नाही.
हे शेवटचं लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जन्मभर भाव चढावा म्हणून देव पाण्यात ठेवले,
आता उतरावा म्हणून.

आज करंगळीची पाळी.
शैलाने ओले हात पुसता पुसता
नॅपकिन माझ्या हातावर टाकला,
खाली तिची बोटं.
ठरवत काहीच नव्हतो आम्ही.
आकडा अजून यायचा होता.