मानस

चोडणच्या बांधावर पुतूमामा
राखणदाराला रोट ठेवतो, वर घोटभर फेणी,
आणि लगेच चिखलात उतरून
कुर्ल्यांनी पोखरलेली भोकं बुजवतो.

विचारलं, तो खरंच राखतो का रे?
‘रात्री मी निजलो की तोच असतो.
दिवसा त्याला चिखलाचा कंटाळा.’

शिकून आलो तेव्हा रोटाला हसलो होतो.
मामा आजारी पडला, मी बांधाकडे फिरकलो नाही.
खारं पाणी शेतात शिरलं.
राखणदार कोपला, आई म्हणाली.
मी भोकं मोजली. सतरा.

पाण्याच्या दाराला इथे मानस म्हणतात.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं,
कुणी न सांगता.
रोज फळी तपासतो, शेवाळ खरवडतो.

माझं अजून
मध्येच अडकतं.