दहा बोटं

रोसामेल बारियाच्या हातांना पुरती दहा बोटं आहेत.
वय बाहत्तर, धंदा सुताराचा.
चिलोए बेटावरच्या आमच्या खाडीत
ही गोष्ट संशयास्पद मानतात.
“म्हणजे काम अजून सुरू केलं नाहीस का?”
असं त्याला बाजारात विचारतात.

मावशीचं घर मला आलं: बारा खांब, खाली समुद्र,
आणि जमिनीच्या चौदा कुजक्या फळ्या.
वीज कापलेली. म्हणून ही बिनतारेची गोल करवत,
कास्त्रोहून आणली, मांडीवर धरून, बोटीतून.

रोसामेलने ती उलटीसुलटी केली.
“तारेची असती,” म्हणाला,
“तर कुठे बांधलीय ते तरी दिसलं असतं.
तार उपटली की मेली.
ही भूक पोटात घेऊन फिरते.
निजलेली दिसली तरी जागी समज.”
आणि पहिल्यांदा बॅटरीच काढली.
मग पात्याला हात लावला. मग खोली बांधली.
फळीखाली दात दिसावा तो एवढाच,
अनोळखी माणसाला बघून आपण हसतो तेवढा.

बाह्या कोपरावर. मफलर खुंटीला.
हातमोजे नकोत, पातं बोटासकट मोजा ओढतं.
डोळ्यांवर चष्मा,
“कारण भुशाला तुझे डोळे फार आवडतात.”

फळीला दोन्ही टोकांना टेकू देऊन
मी मधोमध कापायला गेले,
तर त्याने माझं मनगटच धरलं.
“ती कमरेत वाकेल. पातं चिमटीत पकडेल.
मग करवत लाथ मारते, आणि मागे कोण असतं?
पडणारा तुकडा पडू दे.
तू रेषेच्या बाजूला उभी राहा, रेषेत नको.”

सात फळ्या झाल्या.
आठवी तिरपी कापायची होती, सिप्रेसची, गाठाळ.
खालची झडप गाठीला अडे, अडे, अडे,
ओहोटी संपत आलेली,
मी एक ढलपी घेतली आणि झडप उघडीच ठोकून टाकली.

त्याने पाहिलं.
रागावला असता तर बरं झालं असतं.
बॅटरी काढली, कोटाच्या खिशात टाकली,
टोपी घातली, गेला.
मी उघड्या तुळयांवर पाय सोडून बसले
आणि पाणी वर येताना बघत राहिले,
आमचा सगळा भुसा अंगावर घेऊन.

सकाळी त्याच्या दारात गेले. एदेल्मिराने चहा दिला.
बॅटरी टेबलावर होती, पावाच्या शेजारी.
“माझा भाऊ आब्दोन,” तो म्हणाला, आणि पाव मोडला.
“प्यायलेला नव्हता. घाईत नव्हता.
झडपेत अशीच ढलपी.
कापून झालं, करवत खाली घेतली, गुडघ्यापाशी.
पातं थांबलं नव्हतं.
त्याला काय, लाकूड संपलं की पुढचं लाकूड.”
एदेल्मिरा खिडकीकडे वळली.
ही गोष्ट तिने पुष्कळदा ऐकली असावी,
आणि प्रत्येक वेळी तिथेच वळली असावी.

आठवी फळी मी हातकरवतीने कापली.
वेडीवाकडी आली. अजून पायाला कळते.

आता एकटीच काम करते.
बोट दाबायच्या आधी पात्याला पूर्ण वेग येऊ देते,
छे, चुकले: बोट आधी, वेग मग, लाकूड शेवटी.
हा क्रम मी मोठ्याने म्हणते. शेजाऱ्यांचं कुत्रं ऐकतं.
कापून झाल्यावर हात जागचा हलवत नाही,
तो बारीक होत जाणारा आवाज
शेवटपर्यंत ऐकते,
झडप टक् करून मिटते,
मग श्वास.

चौदावी फळी राहिलीय. तिथून खाली पाणी दिसतं,
मला ते आवडायला लागलंय.

संध्याकाळी करवत फडताळात, उपाशी,
आणि बॅटरी माझ्या एप्रनच्या खिशात,
कोंबडीखालून नुकत्याच काढलेल्या अंड्याइतकी
कोमट.