वीस अंशांचं खोटं

लिएपायात वारा समुद्रावरून येतो
आणि जिना चढून पाचव्या मजल्यावर
माझ्या आधी पोचलेला असतो.
मी ओव्हन दुरुस्त करतो. गिझरही, क्वचित शिलाईयंत्र,
पण पोट भरतं ते ओव्हनवर.

स्काइद्रीतेबाईंनी दार उघडलं, कोपरापर्यंत पीठ.
"बूट काढ, आणि हे बघ."
राईचा पाव: डावीकडे कोळसा,
उजवीकडे ओला, मध्ये नुसता चिकटा,
जणू तीन घरांतून मागून आणून जोडलेला.

मी आत थर्मामीटर टांगला.
बटण म्हणे दोनशे वीस,
पारा दोनशेशी येऊन बसला तो हलेना.
"वीस अंश खोटं बोलतो हा," मी म्हणालो.
"वीसच? माझा झिगुर्ड्स याहून जास्त बोलायचा."

मग माझी नेहमीची करामत.
दुकानातल्या पांढऱ्या पावाच्या बारा चकत्या
जाळीवर खेटून मांडल्या, सात मिनिटं.
बाहेर आला तो नकाशाच:
इकडे वाळवंट, तिकडे न वितळलेला बर्फ,
मागच्या डाव्या कोपऱ्यात ज्वालामुखी.
बाईंनी चष्मा लावला, चकतीचकतीवर बोट फिरवलं.
"एकोणतीस वर्षं राहते मी इथे,
हा मुलूख कुणी दाखवला नव्हता."

बर्नरची उजवीकडची भोकं काजळीनं बुजलेली.
ती सुईनं मोकळी केली.
दाराची पट्टी बदलली; बंद दारात कागद अडकला,
ओढून निघेना, म्हणजे ऊब आता घरातच राहील.
थर्मोस्टॅट नवा.
मग वाटीत चमचाभर साखर ठेवली:
एकशे ऐंशीला कोरडी खडखडीत,
एकशे नव्वदला पाघळली.
साखरेला खोटं बोलता येत नाही, मी म्हणालो,
आणि जाता जाता शहाणपणही वाटलं फुकट:
खाली दगडी फरशी ठेवा, दिवा विझला म्हणून फसू नका,
दहा मिनिटांत हवा तापते, दगडाला पाऊण तास लागतो.
दार उघडून डोकावू नका. अर्ध्यात पाव फिरवा.
पैशांबरोबर काकड्यांची बरणी मिळाली.

आठ दिवसांनी फोन.
"बिघडवलंस तू."

पाव सगळीकडून सारखा होता,
सारखाच करपलेला.
मी वाकलो. बटणाशेजारच्या पांढऱ्या पत्र्यावर,
तेलकट डागाखाली, पेन्सिलीची एक रेघ.
दोनशे चाळीसपाशी.
"त्यानं ओढली होती," बाई म्हणाल्या,
"घर घेतलं त्याच हिवाळ्यात.
मी आकडे बघतच नाही रे. हात रेघेवर जातो."

म्हणजे वीस अंशांचा हिशेब
माझ्या आधीच कुणीतरी चुकता केला होता.
मी पाऱ्याला विचारलं, साखरेला विचारलं,
बाईंना विचारायचं राहूनच गेलं.

खिशात स्पिरिटची चिंधी होती. एका फटक्यात पुसली असती.
त्याऐवजी बटण उपटलं,
दांतेरी दांड्यावर दोन दाते सरकवून
पुन्हा बसवलं, वाकडं.
आता आत सगळं खरं,
बाहेर तेवढं खोटं.
माझ्या उस्तादानं पाहिलं असतं तर हातोडी फेकली असती.

बाईंनी मेपलची पानं पसरली, वर ओला हात फिरवून गोळा ठेवला.
वाट बघताना दोघंही ओव्हनकडे पाठ करून बसलो,
डोकवायचा मोह नको म्हणून.
तासाभरानं पाव उलटा करून त्यांनी बुडाला टिचकी मारली:
पोकळ, दार ठोठावल्यासारखा आवाज.
पानांच्या शिरा तळाला उमटलेल्या,
कुठेही काळं नाही.

"सकाळपर्यंत कापायचा नाही," त्यांनी बजावलं
आणि टॉवेलात गुंडाळून अख्खा पाव माझ्या कुशीत दिला.
जिन्यात वारा होताच.
खाली आल्यावर कळलं, टोपी वर राहिली.
राहू दे. हात गुंतलेत.