डाख

पहाटे तीनला पुण्याहून निघतो शिशाचा डबा
इर्शाद मुजावरच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून.
आत चमचाभर पाणी, पाण्यात फ्लोरिन,
जे साताऱ्याला अर्धं होतं
आणि शिरोली नाक्याला पाव.
इर्शाद वाटेत चहाला थांबत नाही.
"तुमचं दूध नासतंय मॅडम, माझा चहा काय पळून जातोय?"

तळघरात काचेआड मी उभी,
गंगावेशीत म्हशीपाशी पेला धरून उभं राहावं तशी.
हे साठवायचं नसतं.
फेस आहे तोवरच.

अठरा वेळा फसलंय.
कधी फ्लोरिन चिकटलंच नाही,
कधी नको तिथं चिकटलं
आणि इस्ट्रोजेनला पेशीनं ओळखच दिली नाही.
वहीत आकडे आहेत. एका पानावर नुसतंच: छ्या.
मग जमलं. मग उंदीर, समित्या, सह्या, दोन वर्षं.

आज पहिली बाई. हुपरीच्या सुगंधा शेंडुरे,
चाळीस वर्षं पैंजणांना घुंगरू जोडणाऱ्या.
दारावरची पाटी त्यांनी अर्धीच वाचली:
"किरणोत्सव व्हय? मग चप्पल काढू?"
किरणोत्सर्ग, मी म्हटलं. त्यांनी तरीही काढली.

"टोचणार काय?"
तुमच्याच अंगातलं संप्रेरक,
त्याला उजेडाचा एक कण जोडलाय.
"म्हंजे डाख दिलाय की!
बेतानं द्यावा, पोरी. जास्त झाला की नक्षी बुजती."
हे मला अठरा खेपांआधी कुणी सांगितलं असतं तर.

यंत्राच्या कमानीत त्या निजल्या.
देवळात किरणं कधी पायांशी येऊन परततात,
कधी कमरेशी; मध्ये कुणाची तरी गच्ची येते.
मी पडद्यासमोर.
यकृत उजळलं. ते उजळतंच.
मग मणक्यात दोन ठिपके. डाव्या खुब्यात एक.
इतकी स्वच्छ आली नक्षी
की मला आनंद झाला,
आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

"उजळलं ते चांगलं का वाईट?"
दोन्ही. आजार पसरलाय,
पण हाक अजून ऐकतोय. गोळीनं दार अडवून बघू.
बाई बराच वेळ बांगडी फिरवत बसल्या.
"नातीला मांडीवर घ्यू का?"
दिवेलागणीपर्यंत नको.
तोवर तुमच्यात आमचं फारसं काही उरणार नाही.

वर, फाटकाशी
इर्शादनं रिकामा डबा सीटवर ठेवला
आणि सवयीनं पट्टा लावला.