प्लस अर्थ

धन्यकुमार मगदुमांची एमजी,
बासष्टचं मॉडेल, दोन सीटा, टपाच्या जागी कापड,
माधवनगर रोडला माझ्या शेडमध्ये
बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटांना टेकून
सात महिने उभी आहे.
दिवे लागत नाहीत. लागले तर हॉर्न वाजतो.

पहिला डायग्राम पुण्याहून आला.
झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स.
रेषा होत्या, रंगांची अक्षरं अर्धी पुसलेली.
बी म्हणजे काळा, निळा, की तपकिरी?
विलायतेत बी काळा, यू निळा, एन तपकिरी,
हे कळायला मला चार फ्यूज
आणि अर्धी भुवई लागली.

दुसरा बेळगावच्या एका वकिलांकडचा.
रंगीत, लॅमिनेट केलेला,
भिंतीला लावून बघत बसावं असा.
पण तो सत्तरच्या गाडीचा, त्यात मायनस अर्थ.
हिचा प्लस अर्थ. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला,
सगळा पत्रा प्लस.
आधी अर्थ बघ, आमचे वस्ताद सांगायचे,
मग दिव्याला हात लाव.
पोरगा म्हणाला, पप्पा, ही उलटी गाडी.
उलटी नाही रे, म्हटलं,
आधीची आहे.

तिसरा मगदुमांच्या वडिलांच्या हातचा,
हळदीच्या वखारीच्या चोपडीत, मागच्या पानावर.
एक बॅटरी, दोन दिवे, बऱ्यापैकी सरळ एक रेघ
आणि मधोमध, शाईनं:
‘इथे दस्तगीरला विचारणे.’

दस्तगीर शिकलगार वारून एकोणीस वर्षं झाली.

मग मी डॅशबोर्ड खोलला.
आत सगळ्या वायरी लाल.
त्या साली पेठेत लालच मिळाली असणार.
पण प्रत्येक टोकाला शिवणदोरा,
सात-आठ वेढे, वर लाखेचा थेंब:
पोपटी, राणी, पिवळा, एका ठिकाणी चक्क जर.
मोबाइलवर फोटो काढले
आणि मिरजेची बस धरली.

हमीदाचाचींचं मशीन अजून चालतं.
त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून घेतला.
हा राणी. नणंदेच्या निकाहचा ब्लाउज होता.
रात्री रीळ गायब.
विचारलं तर म्हणाले, उजव्या दिव्याला लावलंय.
आता उजव्या दिव्याला काय निकाह लावायचा होता?
पोपटी डावा. दोन्ही एकाच आठवड्यात नेले.
पिवळा हॉर्नचा. पिवळा मला आवडत नाही,
म्हटलं, भोंग्याला घाला.
जर वायपरची. ती मी दिली नव्हती. ती चोरी.

आणि हा जांभळा?
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
पायडलवरचा पाय थांबला.
जांभळा नाही आठवत. खोटं कशाला सांगू.

सात महिन्यांत, पुणे-बेळगाव धरून,
मला ठाऊक नाही असं म्हणणारा
हा पहिला डायग्राम.
तिथंच माझा विश्वास बसला.

निघताना म्हणाल्या, चालू झाली
की एकदा गल्लीतून आणा.
हॉर्न वाजवू नका.

परवा रात्री शेडचं शटर ओढून
मी खटका दाबला.
दोन्ही दिवे लागले, पिवळट, जरा झोपाळू,
क्रेटांच्या फटींतून पलीकडच्या भिंतीवर
पट्टेपट्टे पडले.
हॉर्न गप्प.
पोरगा उगाच टाळ्या वाजवायला लागला.

एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर
मी सगळं नीट काढलंय,
रंगाच्या अक्षराऐवजी दोऱ्याचा एकेक तुकडा चिकटवून.
काल कोल्हापूरचा एक जण झेरॉक्स मागायला आला.
म्हटलं, ने, पण झेरॉक्समध्ये दोरे काळे येतील,
आणि ते प्रश्नचिन्ह तेवढं खोडू नकोस.

मगदूम रोज विचारतात, जांभळ्याचं काय?
टेप गुंडाळून ठेवलाय.
बघू.